खाज, रेशीम आणि आपला फतवा

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. दोन महिन्यांचा असल्यापासून त्याला इसब आहे. कोपराच्या खळगीत, गुडघ्याच्या मागे, मानेवर, पापण्यांवर. उरणच्या दमट हवेत एप्रिल-मे सुरू झाला की पोर रात्रभर खाजवतं आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. पीरवाडीच्या किनाऱ्यावर बाकीची मुलं पाण्यात धुडगूस घालतात, हा चपला हातात धरून वाळूत उभा असतो. खारं पाणी त्याच्या अंगाला झोंबतं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या बहिणीनं कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याच्यासाठी दोन रेशमी बनियन मागवली. मोबाइलवरच्या जाहिरातीत लिहिलं होतं की रेशमानं खाज कमी होते, त्वचा श्वास घेते, मुलं शांत झोपतात. वर ‘हलाल’चा हिरवा शिक्का. दोन बनियनांचे बावीसशे रुपये. बहीण शिवणकाम करते. बावीसशे म्हणजे तिच्या किती ब्लाउजांची शिलाई, हे मला ठाऊक आहे.

असरनंतर पोरगा मकतबला गेला. कुर्त्याच्या गळ्यातून चमकदार कापड दिसलं. उस्तादांनी विचारलं, हे काय घातलंयस? त्यानं खरं सांगितलं, रेशमी आहे, अम्मीनं आणलंय. मग वीस-बावीस मुलांसमोर त्याला कुर्ता काढायला लावला, बनियन काढायला लावलं आणि सांगितलं की मर्दांना रेशीम हराम आहे. पोर उघडंबोडकं उभं राहिलं. आजवर कपड्याखाली झाकलेले लाल चट्टे, खपल्या, खाजवून काळी पडलेली कातडी सगळ्यांनी पाहिली. त्या दिवसापासून त्याच्या शेजारी कुणी बसेना. चार दिवसांनी त्यानं जाणं बंद केलं.

रात्री मला विचारतो, “मामू, खूप खाज आली तरी पण हरामच का?”

या प्रश्नाचं उत्तर चौदाशे वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे. ते त्या पोराला कुणी सांगितलं नाही, म्हणून हा लेख.

खरं तर लिहिणार नव्हतो. घरातली गोष्ट चारचौघांत कशाला, असं वाटलं. पण प्रकरण जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं आणि तीन आठवडे तिथं जो काही धुरळा उडाला, तो पाहून राहवलं नाही. रेशमी उशीच्या अभ्र्यावर पुरुषानं डोकं टेकवावं की नाही? शांपूच्या बाटलीवर ‘सिल्क प्रोटीन’ लिहिलं असेल तर तो पुरुषाला चालतो का? बायकोच्या रेशमी अभ्र्यावर नवऱ्याचा गाल लागला तर? दोनशे सभासदांच्या त्या ग्रुपवर एकानंही विचारलं नाही की पोरगा कसा आहे.

आधी दीनचंच घेऊ. पुरुषांना रेशीम मना आहे, यात मला कुठलीही पळवाट काढायची नाही. हदीस स्पष्ट आहेत आणि मी त्या मानतो. पण ज्या बुखारीत आणि मुस्लिममध्ये ही मनाई आहे, तिथंच हजरत अनस यांची रिवायत आहे: अब्दुर्रहमान बिन औफ आणि जुबैर बिन अव्वाम या दोन बड्या सहाबींना अंगाला खाज सुटली होती आणि प्रेषित मुहंमद (स.) यांनी त्या दोघांना रेशमी सदरा घालायची परवानगी दिली. एका रिवायतीत कारण उवांचं दिलं आहे. इमाम बुखारींनी तर ‘लिबास’च्या प्रकरणात खाजेसाठी पुरुषांना रेशमाची मुभा, असा वेगळा मथळाच बांधला. म्हणजे मनाईला जो जाहीर अपवाद आहे तो कातडीच्या आजाराचा आहे. लग्नाचा नाही, ईदचा नाही, बादशाहाच्या दरबाराचा नाही. खाजेचा.

माझ्या भाच्याला जे झालंय, नेमकं तेच.

काही आलिमांनी ही सवलत त्या दोघांपुरतीच होती असं म्हटलंय, हे मला माहीत आहे. पण आपण उरण, पनवेल, अलिबाग, श्रीवर्धनचे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शाफई आहोत आणि शाफई मसलकात इमाम नववींनी खाज असलेल्याला रेशीम जायज धरलं आहे, मग तो सफरीत असो की घरी. शिवाय न कळत्या वयाच्या मुलाला पालकांनी रेशीम घातलं तर शाफईंकडे त्याला मोकळीक आहे. उस्ताद उत्तरेकडून आलेले, हनफी. हनफी किताबांत लहान मुलालाही रेशीम घालणं मकरूह म्हटलंय, त्यांचं म्हणणं त्यावर उभं असेल. ठीक. पण तिथंही जबाबदारी घालणाऱ्याची, पोराची नाही. नाबालिग मुलावर शरियतचा बोजाच नसतो. मग जाब विचारायचा होता तर माझ्या बहिणीला विचारायचा होता, दाराशी येऊन, अदबीनं. नऊ वर्षांच्या पोराचा कुर्ता वीस जणांसमोर उतरवायला कुठल्या मसलकानं सांगितलं?

उशीच्या अभ्र्याचंही तेच. ग्रुपवर जणू हा प्रश्न इन्स्टाग्रामनं जन्माला घातला, अशा थाटात चर्चा चालली होती. मर्गीनानींच्या ‘हिदाया’त हा प्रश्न आहे. ११९७ मध्ये वारलेला माणूस. रेशमाच्या उशीवर डोकं टेकायला आणि रेशमी बिछान्यावर झोपायला इमाम अबू हनीफांच्या मते हरकत नाही, त्यांचे दोन्ही शागीर्द अबू यूसुफ आणि मुहंमद यांना ते नापसंत, असा सरळ मतभेद तिथं नोंदवलेला आहे. शाफईंकडे पुरुषानं रेशमावर बसणं-झोपणंही मना. ‘हिदाया’ दर्स-ए-निजामीत शिकवतात, म्हणजे ग्रुपवर तावातावानं बोलणाऱ्या दोन मौलवींनी ती वाचलेली असणार. (मर्गीनानींचं गाव म्हणजे फरगाना खोऱ्यातलं आजचं मर्गिलान. ते आजही रेशमासाठीच ओळखलं जातं. त्या गावातल्या माणसाला रेशीम म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा नक्की जास्त कळत असेल.)

जुन्या फुकहांचं मला हेच आवडतं. त्यांनी माणूस पाहिला. लढाईतला, सफरीतला, खाजेनं हैराण झालेला. हजरत उमर यांच्या रिवायतीत दोन, तीन, चार बोटं रुंदीच्या रेशमी काठाला परवानगी आहे, म्हणजे मोजमाप बोटांनी केलं, माणसाच्या हातानं. आणि आपल्या दख्खनमध्ये कारागिरांनी त्यातूनच मशरू काढलं. मशरू म्हणजेच शरियतनं मुभा दिलेलं. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि विणकाम असं की चमकणारं रेशीम वर राहतं, अंगाला सूत लागतं. औरंगाबादच्या मागांवर हिमरू आणि मशरू विणणारे आपलेच लोक होते. मनाई आणि हौस यांच्यात भांडण लावण्याऐवजी त्यांनी कापड विणलं. आज तिथं हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्याबद्दल आपल्या ग्रुपवर कधी दोन ओळी आल्याचं मला आठवत नाही.

आता त्या बनियनाकडे येतो.

मकतबच्या प्रकारानंतर आठवड्याभरानं मी बहिणीकडे गेलो. बनियन दोरीवर वाळत होतं. माझ्या बायकोनं हातात घेतलं, चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, “आपा, हे रेशीम वाटत नाही हो.” तिचं माहेर मालेगावचं. तिकडच्या माणसाला कापडाबद्दल काही सांगायला जाऊ नये. तिनं शिवणीतून चार धागे ओढले आणि काडेपेटी मागवली.

रेशीम जळतं तेव्हा केस जळल्याचा वास येतो, कारण केस आणि रेशीम दोन्ही प्रथिनं. ज्योत बाजूला नेली की ते आपोआप विझत जातं आणि राख बोटांत चुरली की तिची पूड होते. आमचे चार धागे आक्रसले, वितळले, काळ्या मण्यासारखी टणक गोळी झाली आणि घरभर प्लॅस्टिकचा वास सुटला. पॉलिस्टर. शंभर टक्के, निखळ पॉलिस्टर.

बहीण काही बोलली नाही. तिनं बनियन दोरीवरून काढलं आणि पोछा करायच्या कपड्यांत टाकलं.

ज्या कापडावरून पोराला हरामी कपडे घालणारा ठरवलं, ज्यावर तीन आठवडे दलीलबाजी झाली, ते रेशीम नव्हतंच. उस्तादांनी चमक पाहून फतवा दिला, बहिणीनं चमक पाहून पैसे दिले. पाकीट पुन्हा नीट वाचलं तर त्यावर ‘सिल्क टच सॅटिन’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं. टच! सॅटिन ही विणण्याची एक रीत आहे, धाग्याचं नाव नाही. रेशमाचं सॅटिन होतं तसं नायलॉनचं, पॉलिस्टरचंही होतं. हा शब्दसुद्धा अरबांच्या तोंडून आलाय असं मानतात. चीनमधल्या ज्या बंदरातून हे कापड यायचं त्याला अरब व्यापारी जैतून म्हणत. तेव्हा बंदरावर रेशीम तपासून घेणारे मुसलमान व्यापारी होते. आज आपल्या उरणच्या दाराशी देशातलं सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक उभं आहे, गच्चीवरून न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसतात, आणि आपल्याला रेशीम आणि प्लॅस्टिक यातला फरक कळत नाही.

आणि या पॉलिस्टरनं पोराचं काय केलं? पॉलिस्टर घाम शोषत नाही. उरणच्या जूनमध्ये, मानेपासून कमरेपर्यंत घट्ट बसणाऱ्या पॉलिस्टरमध्ये इसबाचं पोर. त्या आठवड्यात त्याचे चट्टे पाठीवर पसरले. बहिणीला वाटलं, सवय व्हायला वेळ लागतो.

त्या हिरव्या ‘हलाल’ शिक्क्याबद्दलही बोललं पाहिजे. २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेश सरकारनं हलाल प्रमाणपत्राच्या मालावर बंदी घातली, त्यात सौंदर्यप्रसाधनंही होती. तेव्हा मी याच जागी त्या बंदीविरुद्ध लिहिलं होतं आणि आजही माझं मत बदललेलं नाही. काय खावं, काय लावावं हे ठरवायला माणसाला माहिती हवी, आणि ती देणारा शिक्का सरकारनं पुसू नये. पण शिक्का वाचवायची जबाबदारी फक्त सरकारची आहे का? पॉलिस्टरच्या बनियनावर हलाल छापणारा आपल्यातलाच असतो. कापडात हलाल काय नि हराम काय? हराम असेल तर फसवणूक आहे. मापात पाप करणाऱ्यांसाठी कुरआनात एक अख्खी सूरा आहे, अल-मुतफ्फिफीन. कोणत्या जुम्याच्या बयानात ती शेवटची ऐकलीत, आठवून पाहा. मी आठवून पाहिलं. मला आठवलं नाही.

खरं रेशीम ओळखायचं असेल तर २००४ पासून ‘सिल्क मार्क’ आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं ती व्यवस्था उभी राहिली. लटकणारं लेबल असतं, त्यावर क्रमांक असतो. लेबल नसेल तर दुकानदाराकडून चार धागे मागा. धागे द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आता समजा ते बनियन अस्सल तुतीचं रेशीम असतं, तर पोराची खाज थांबली असती का?

मला वाटलं होतं, थांबली असती. हदीसचा आधार, हकीमांचा आधार. इब्न कय्यिम यांनी ‘जादुल मआद’मध्ये खाजेवरच्या रेशमाबद्दल लिहिलंय, युनानीत अब्रेशम म्हणजे रेशमाचा कोष आजही खमीऱ्यात घालतात, दिलाच्या ताकदीसाठी. आमच्या आजोबांच्या उशाशी त्या खमीऱ्याची बरणी असायची. चांदीचा वर्ख लावून, चमच्याच्या टोकावर. पण मी मुंबईला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे भाच्याला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकारानं याच प्रश्नावर मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. इसब असलेली एक ते पंधरा वर्षांची तीनशे मुलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि वर खास वैद्यकीय रेशमी कपडे, सहा महिने. फरक पडला नाही म्हणण्याइतका किरकोळ. पुढे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं डॉक्टरांना सांगून टाकलं की रेशमी कपडे सरसकट लिहून देऊ नका.

कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही हदीसलाच आव्हान देता. अजिबात नाही. अरबस्तानच्या उन्हात, जाड लोकरीचे आणि खरबरीत कपडे घालणाऱ्या, उवांनी बेजार झालेल्या माणसाला रेशमाचा मऊ, गुळगुळीत सदरा आराम देणारच. हदीसमध्ये त्रासलेल्या माणसाला आराम मिळावा म्हणून बंदी बाजूला ठेवलेली आहे. त्यात रेशीम विकणाऱ्याला जाहिरात लिहून दिलेली नाही. आज माझ्या भाच्याला मऊ, सैल, वारंवार धुतलेलं सुती बनियन तेवढाच आराम देतं आणि ते उरणच्या बाजारात शंभर-सव्वाशेला मिळतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं बाकीचं साधं होतं. कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, भडकलं की त्यांनी दिलेलं मलम त्यांनी सांगितलेले दिवसच. हे ‘सांगितलेले दिवसच’ त्यांनी तीनदा म्हटलं. कारण आपल्याकडे काउंटरवरून ट्यूब घ्यायची आणि संपेपर्यंत चोळायची रीत आहे. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम कागदावर आहे. मोऱ्याच्या धक्क्यावर, करंज्याच्या बंदरावर, कंटेनर यार्डात, मिठागरांवर दिवसभर घामात आणि खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसांच्या जांघा, कमरा, पायाची बोटं पाहा. गजकर्ण, नायटा, भेगा. त्यांच्या खिशात तीच ट्यूब. कातडी पातळ होते, नायटा दबतो आणि दुप्पट होऊन परततो. आपल्या गावातला त्वचेचा खरा प्रश्न हा आहे. यावर कुठलाही फतवा नाही, एकही फॉरवर्ड नाही.

केसांबद्दल बायकांनी मला विचारलं म्हणून तेही सांगून टाकतो, जेवढं समजलं तेवढं. रेशमाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. आतलं फायब्रॉइन, तोच खरा धागा. बाहेरचं सेरिसिन, तो डिंक, कोषाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा. शांपू-सीरममध्ये यांचे बारीक तुकडे केलेले असतात. ते केसावर पातळ थर धरतात, केस चमकतो, गुंता कमी होतो, पुढच्या धुण्यात थर जातो. टाळूबाहेरचा केस मेलेला असतो, त्याला प्रथिनं ‘खाऊ घालता’ येत नाहीत. रेशमी अभ्र्यावर केस कमी घासले जातात हे खरं, तुटणं थोडं कमी होतं. पण ते सॅटिनच्या गुळगुळीतपणामुळे, त्यात रेशमाची करामत फार नाही. आणि आपल्या पोरी ओले केस घट्ट अंबाड्यात बांधून त्यावर घट्ट टोपी, त्यावर स्कार्फ, असं दिवसभर कॉलेजात आणि लोकलमध्ये घालवतात. त्यानं पुढचे केस विरळ होतात. दोनशे रुपयांची सिल्क कॅप त्याला उपाय नाही. केस वाळवून सैल बांधा, घरी आल्यावर मोकळे सोडा. झालं.

इथवर लिहून मला वाटलं होतं थांबावं. पण मग ती जाहिरात पुन्हा डोळ्यांसमोर आली. त्यात एका बाईचा हात दाखवलाय, गुळगुळीत, दुधासारखा, आणि खाली लिहिलंय की रेशीम हाताळणाऱ्यांचे हात कधी म्हातारे होत नाहीत.

रेशीम हाताळणाऱ्यांचे हात कसे असतात, ते सांगू?

कर्नाटकात रामनगर आणि शिडलघट्टा ही कोषातून धागा काढणारी मोठी ठिकाणं. तिथल्या कारखानदारांत आणि मजुरांत मुसलमान मोठ्या संख्येनं आहेत. कोष जवळपास उकळत्या पाण्यात टाकतात, आतला किडा मरतो, डिंक सैल होतो. मग त्या पाण्यात बोटं घालून धाग्याचं टोक शोधायचं. चमच्यानं ते जमत नाही, बोटाला जाणवावं लागतं. दिवसभर. कातडी पांढरी, फुगलेली, सोललेली. फोड येतात, फुटतात, पुन्हा त्याच पाण्यात. मेलेल्या किड्यांचा वास, वाफ, दम्यासारखा खोकला. ह्युमन राइट्स वॉचनं २००३ मध्ये भारतीय रेशीम उद्योगातल्या वेठबिगार मुलांवर अहवाल काढला, त्यात कढत पाण्यात हात घालणारी ही मुलं आहेत. कुणाच्या बापानं उचल घेतली म्हणून कामाला जुंपलेली. आणि त्यात बनारसच्या मागांवर बसवलेलीही. त्यानंतर यंत्रं आली, बरंच बदललं असं सांगतात, बदललं असेल तर आनंदच आहे. पण ज्या डिंकाला आज बाटलीत भरून ‘तारुण्याचं रहस्य’ म्हणतात, तो डिंक त्या लोकांच्या हातांना रोज लागत होता. त्यांचे हात तरुण राहिले नाहीत.

टसरचं आणखी वेगळं. आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा पट्ट्यात ढिवर समाज ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतो. उन्हापावसात पाखरं हाकलत. तिथून पलीकडे छत्तीसगड, झारखंड, बिहारच्या टसर पट्ट्यात बायका उघड्या मांडीवर धागा वळत आल्या. कोषातून चार-पाच तंतू ओढायचे आणि मांडीवर तळव्यानं घासून पीळ द्यायचा. वर्षानुवर्षं एकाच जागी. मांडीची कातडी सोलवटते, काळी पडते, जखमा होतात. ही पद्धत बंद करण्यासाठी केंद्रीय रेशीम मंडळाला ‘बुनियाद’ नावाचं यंत्र काढून घरोघर द्यायची मोहीम अलीकडे हाती घ्यावी लागली. म्हणजे ज्या रेशमानं आपली त्वचा मऊ होणार म्हणून आपण पैसे मोजतो, ते कुणाच्या तरी त्वचेवर घासूनच तयार होत होतं.

ग्रुपवर मी हे लिहिलं. उत्तर आलं, “भाई, विषय शरियतचा आहे, तुम्ही मजुरांचा काढता.” मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, हा विषय कुठला आहे मग?

काहींनी दुसऱ्या टोकाला जाऊन मला विचारलं की किडे उकळतात म्हणून रेशीमच सोडावं का. मी सोडलेलं नाही. माझ्या आईची येवल्याची पैठणी आमच्या पेटीत आहे, बहिणीच्या निकाहात तिनं ती नेसली होती, ती मी टाकणार नाही. किडा न मारता, पतंग बाहेर पडल्यावर धागा काढण्याची रीत आहे, महाग आहे, ज्याला परवडतं त्यानं घ्यावी. पैठणी वर्षानुवर्षं टिकते, ती विणणाऱ्याचं घर चालतं. दोन आठवड्यांत संपणाऱ्या सीरमसाठी आणि पहिल्या धुण्यात विरणाऱ्या खोट्या बनियनासाठी मात्र माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही.

आणि उस्तादांबद्दल. ते वाईट माणूस नाहीत. महिन्याला जी रक्कम आपण त्यांना देतो, ती सांगायची मला लाज वाटते. मशिदीच्या मागच्या खोलीत राहतात, गावी घरी पैसे धाडतात, साठ मुलांना एकटे शिकवतात. त्यांना मनाई पाठ आहे, मुभा कुणी पाठ करून घेतली नाही. यात दोष त्यांच्या शिक्षणाचा आहे आणि इतकी वर्षं स्वस्तातला उस्ताद शोधणाऱ्या आपल्या जमातीचाही आहे. पण पोराचं जे झालं ते झालंच.

भाचा आता बराच बरा आहे. पाठ सुकली, मानेवर अजून लाल आहे. सुती बनियन घालतो, झोपताना आई हातापायांना मलम चोळते, दोघंही मोजून दिवस लिहून ठेवतात. नाजिरा माझ्याकडे शिकतो, संध्याकाळी, गच्चीवर. मकतबचं नाव काढलं की गप्प होतो.

मागच्या जुम्यानंतर मी उस्तादांना भेटलो. बुखारीची प्रत सोबत नेली होती, पान दुमडून. त्यांनी ती रिवायत वाचली, बराच वेळ पान उघडं ठेवून बसले. मग म्हणाले, “पोराला पाठवून द्या, मी काही म्हणणार नाही.” मी म्हणालो, “मौलाना, ज्या मुलांसमोर त्याचा कुर्ता उतरवला, त्यांच्यासमोर ही हदीस त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगा. मग पाठवतो.”

ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून त्यांचा निरोप आलेला नाही.